पायाभूत विज्ञान-तथ्यांची चाचणी : प्रकल्प नोंदी

२ जून : आराखडा

चाचणी प्रौढांसाठी आहे. शालेय शिक्षण झालेल्या, पण विज्ञानाशी रोजचा संबंध नसलेल्या माणसाला मूलभूत तथ्ये कितपत ठाऊक आहेत, हे पाहायचे आहे. अभ्यासक्रमाची परीक्षा घ्यायची नाही. त्यामुळे आकडेमोड नाही, सूत्रे नाहीत आणि फक्त पाठ्यपुस्तकात भेटणाऱ्या व्याख्याही नाहीत.

एकूण ४० प्रश्न. संविधान तक्त्यातली (कोणत्या विषयावर किती प्रश्न, हे ठरवणाऱ्या तक्त्यातली) विभागणी अशी : भौतिकशास्त्र ११, रसायनशास्त्र ८, जीवशास्त्र ११, पृथ्वी व खगोल १०. तथ्यावरच्या एका प्रश्नाला ४५ सेकंद पुरतात, म्हणजे वेळ ३० मिनिटे. तक्ता आधी भरायचा आणि प्रश्न नंतर लिहायचे. उलटे केले की ग्रहमाला आणि मानवी शरीर या दोनच विषयांवर प्रश्नांचा ढीग साचतो, कारण त्यावरचे प्रश्न चटकन सुचतात.

‘चूक की बरोबर’ हा प्रकार नको, असे ठरले. त्याला परंपरा मोठी आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत १९८८ साली झालेल्या सर्वेक्षणांपासून ‘सगळा किरणोत्सर्ग मानवनिर्मित असतो’, ‘लेझर ध्वनिलहरी एकवटून चालतो’, ‘प्रतिजैविके जिवाणूंप्रमाणे विषाणूंनाही मारतात’ अशी विधाने पुन्हा पुन्हा वापरली गेली. दरवर्षी तीच विधाने विचारून काळाबरोबर काय बदलले ते पाहायला हा प्रकार सोयीचा आहे. मात्र एकेका माणसाचे गुण काढायचे असतील तर तो दुबळा ठरतो. ४० विधानांवर डोळे मिटून खुणा करणाऱ्याला सरासरी २० गुण मिळतात, आणि त्या गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचे माप) ३.२ असल्याने निव्वळ नशिबाने २५-२६ पर्यंत पोचणारेही निघतात. चार पर्याय दिले की अंदाजाची सरासरी १० वर येते आणि विचलन २.७ वर.

याच जुन्या विधानांतले आणखी एक पाहण्यासारखे आहे : ‘मूल मुलगा की मुलगी हे वडिलांच्या जनुकावरून ठरते.’ अपेक्षित उत्तर ‘बरोबर’. पण शुक्रपेशीतून एक्स गुणसूत्र आले की वाय, यावर ते ठरते. वाय गुणसूत्रावरच्या ज्या जनुकामुळे नराची जडणघडण सुरू होते, ते १९९० साली सापडले. काटेकोर वाचणारा माणूस ‘जनुक’ आणि ‘गुणसूत्र’ यांत अडखळतो आणि वरवर वाचणारा सहज पुढे जातो. जास्त जाणणाऱ्यालाच अडवणारा प्रश्न चाचणीत ठेवायचा नाही, हा पहिला नियम.

६ जून : अटींशिवाय तथ्य नाही

खर्ड्यातले सगळे प्रश्न आज एका निकषावर तपासले : उत्तर कोणत्या परिस्थितीत बरोबर आहे, आणि ती परिस्थिती प्रश्नात लिहिली आहे का? सर्वाधिक दुरुस्त्या इथेच निघतात.

‘पाणी किती अंशांना उकळते?’ १०० अंश सेल्सिअस हे उत्तर १०१३ हेक्टोपास्कल दाबाला खरे आहे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. २००० मीटरवर तो ९३ च्या आसपास येतो. पर्यायांत ९३ असेल तर प्रश्नावर हरकत घेता येते. प्रश्नात ‘समुद्रसपाटीवरील सामान्य दाबाला’ एवढे घातले की वाद मिटतो. पण तरीही हा प्रश्न काढून टाकावा असेच मत झाले, कारण १०० हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी हे : ‘उंच डोंगरावर उघड्या भांड्यात पाणी सपाटीपेक्षा (अ) कमी तापमानाला, (ब) जास्त तापमानाला, (क) तितक्याच तापमानाला उकळते.’ दाब आणि उत्कलन यांचा संबंध ठाऊक असेल तरच याचे उत्तर देता येते.

‘सामान्य तापमानाला द्रव असणारा एकमेव धातू कोणता?’ उत्तर पारा, असे आपण धरून चालतो. पण सीझिअम २८.५ अंशांना वितळते आणि गॅलिअम २९.८ अंशांना. खोलीचे तापमान ३० अंश असेल तर शुद्ध स्वरूपातले हे दोन्ही धातू द्रव असतात. ‘एकमेव’ हा शब्द काढला आणि ‘२० अंश सेल्सिअसला द्रव असणारा धातू’ असे लिहिले. पारा उणे ३८.८ अंशांपर्यंत द्रव राहतो, त्यामुळे आता शंकेला जागा नाही. ‘एकमेव’, ‘सर्वांत’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ हे शब्द प्रश्नात दिसले की तिथे थांबून तपासायचे.

‘पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला किती वेळ लागतो?’ पर्यायांत ‘२४ तास’ आणि ‘२३ तास ५६ मिनिटे’ दोन्ही ठेवले तर जाणकार दुसरा निवडतो, कारण ताऱ्यांच्या संदर्भाने फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची असते आणि २४ तास हा सूर्याच्या संदर्भातला सरासरी दिवस आहे. आपल्याला एवढ्या खोलात जायचे नाही. पर्याय असे ठेवले : सुमारे एक दिवस, सुमारे एक महिना, सुमारे एक वर्ष. चंद्राच्या फेरीचेही तेच : ताऱ्यांच्या संदर्भाने २७.३ दिवस आणि अमावास्या ते अमावास्या २९.५ दिवस. दोन्ही आकडे एकाच प्रश्नाच्या पर्यायांत येऊ द्यायचे नाहीत.

‘उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असते?’ हा फार चांगला प्रश्न आहे. चुकीची उत्तरे भरपूर येतात आणि ती मनापासून दिलेली असतात. मात्र पाणी तापू लागताच भांड्याच्या तळाशी जे बारीक बुडबुडे दिसतात, ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. वाफेचे मोठे बुडबुडे नंतर येतात. म्हणून प्रश्नात ‘पाणी बराच वेळ खळखळून उकळल्यानंतर’ असे आलेच पाहिजे. ही अट नसेल तर ‘हवा’ म्हणणाऱ्याला चूक ठरवता येत नाही.

‘झाडाचे वस्तुमान कुठून येते?’ इथेही एक शब्द हवा : वाळलेल्या लाकडाचे. ओल्या लाकडात पाण्याचा वाटा इतका असतो की ‘पाण्यातून’ हे उत्तरही समर्थनीय ठरते. फ्लेमिश रसायनशास्त्रज्ञ व्हॅन हेल्मॉन्टचा १६४८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग नेमका इथेच अडला होता. पाच वर्षांत विलोचे रोप सुमारे २.३ किलोवरून ७७ किलोवर गेले, मातीत घट झाली ती जेमतेम ५७ ग्रॅम. माती नाही हे त्याने बरोबर ओळखले, पण सगळे श्रेय पाण्याला दिले. वाळलेल्या लाकडात वजनाने जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो.

११ जून : मुदत असलेली तथ्ये

प्रत्येक प्रश्नकार्डावर ‘तपासल्याची तारीख’ असा रकाना घातला. काही तथ्ये बदलतात आणि चाचणी मात्र छापून वर्षानुवर्षे फिरत राहते.

ग्रहांची संख्या २४ ऑगस्ट २००६ रोजी बदलली. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि ग्रह आठ राहिले. मूलद्रव्यांच्या यादीत ११३, ११५, ११७ आणि ११८ क्रमांकांना २०१६ साली नावे मिळाली आणि आवर्तसारणीची सातवी ओळ पुरी झाली. ‘सर्वाधिक उपग्रह कोणाचे?’ हा प्रश्न तर वापरूच नये. २०२३ च्या सुरुवातीला गुरू पुढे होता, त्याच वर्षी शनी पुढे गेला, आणि मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळून त्याची संख्या २७४ झाली. याचे बरोबर उत्तर दिल्याने माणसाने बातमी कधी वाचली एवढेच समजते.

माणसाच्या गुणसूत्रांची संख्या हे याचे जुने उदाहरण. १९२० च्या दशकापासून पुस्तकांत ४८ छापले जात होते. १९५६ साली ट्यियो आणि लेव्हान या शास्त्रज्ञांनी ४६ दाखवून दिले. आजचे ४६ बदलणार नाही. तरीही कार्डावर तारीख हवीच, ती सवय म्हणून.

१५ जून : चुकीचे पर्याय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. बरोबर उत्तर पुस्तकातून मिळते. चुकीचे पर्याय लोकांच्या डोक्यातून यावे लागतात.

पद्धत : आधी तोच प्रश्न पर्यायांशिवाय विचारायचा, खाली दोन ओळी कोऱ्या सोडायच्या आणि ‘का?’ असे लिहायचे. आलेली चुकीची उत्तरे जशीच्या तशी उतरवायची आणि एकसारखी एकत्र करायची. ज्या उत्तरामागे काहीतरी विचार आहे आणि जे अनेकांनी दिले आहे, ते पर्याय म्हणून घ्यायचे. टेबलाशी बसून रचलेले पर्याय बहुधा कोणी निवडत नाही. मग नावापुरते चार पर्याय उरतात आणि खरी निवड दोघांतच होते.

ऋतूंचा प्रश्न यासाठी नमुना म्हणून ठेवला आहे. पहिल्या खर्ड्यातला बरोबर पर्याय होता, ‘पृथ्वीचा अक्ष कललेला आहे म्हणून’. यात अडचण अशी की ‘कललेला अक्ष’ हे दोन शब्द ऐकून माहीत असलेला माणूस काहीही न समजता गुण घेऊन जातो. आताचे रूप :

पृथ्वीवर ऋतू मुख्यतः कशामुळे होतात?
(अ) पृथ्वी वर्षभरात सूर्याच्या जवळ येते आणि दूर जाते.
(ब) अक्ष कलल्यामुळे एक गोलार्ध सूर्याच्या जवळ येतो.
(क) अक्ष कलल्यामुळे किरणांचा तिरपेपणा आणि दिवसाची लांबी बदलते.
(ड) सूर्यातून निघणारी उष्णता वर्षभरात कमी-जास्त होते.

आता पाठ केलेला शब्द (ब) आणि (क) दोन्हींत आहे, त्यामुळे कारण समजलेले असावे लागते. (अ) चुकीचा का, हे उत्तरसूचीत आकड्यांसह लिहायचे : पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ, १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५.२१ कोटींवर. म्हणजे उत्तर गोलार्धात उन्हाळा असताना अंतर जास्त असते. (ब) मध्ये तथ्याचा अंश आहे, पण २३.४ अंशांच्या कलण्याने पडणारा फरक काही हजार किलोमीटरांचाच, आणि तो १५ कोटींपुढे नगण्य ठरतो.

प्रश्नात ‘उत्तर गोलार्धात उन्हाळा असताना दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो’ असे वाक्य घालावे, अशी एक सूचना होती. ती घेतली नाही. त्या वाक्याने (अ) आपोआप बाद होतो. ज्याची तीच समजूत आहे त्याला आपणच सावध केल्यासारखे होते, आणि ती समजूत किती पसरली आहे हे कधीच कळत नाही.

बाकी चांगले पर्याय मिळालेले प्रश्न थोडक्यात. सर्वांत तप्त ग्रह : शुक्र, पृष्ठभाग सुमारे ४६४ अंश, ‘बुध’ हा पर्याय सूर्याच्या जवळ म्हणजे जास्त गरम, या विचाराने ओढतो. कोरड्या हवेत सर्वाधिक वायू : नायट्रोजन ७८ टक्के; ‘ऑक्सिजन’ ओढतो. ध्वनी सर्वांत जलद कशातून जातो : पोलाद, ‘निर्वात’ हा पर्याय ठेवलाच पाहिजे, कारण अडथळा नाही म्हणजे वेग जास्त, असे वाटणारे पुष्कळ असतात. अंतराळस्थानकातले लोक का तरंगतात : ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण पृष्ठभागाच्या सुमारे ८९ टक्के असते, स्थानक आणि माणसे दोन्ही सतत पडत असतात, ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ हा पर्याय इतका जोरदार आहे की बाकीचे दोन विचारपूर्वक निवडावे लागतील.

१९ जून : भाषेतून फुटणारी उत्तरे

विज्ञान बरोबर असूनही मराठीच उत्तर सांगून टाकते, अशा जागा आज शोधल्या. लिंगाची सर्वाधिक अडचण आहे. ‘इन्सुलिन तयार करणारे ______’ असे लिहून खाली स्वादुपिंड, यकृत, थायरॉईड ग्रंथी, प्लीहा हे पर्याय दिले की ‘करणारे’ या नपुंसकलिंगी रूपाने ग्रंथी आणि प्लीहा दोन्ही बाद. उरले दोन. ‘इन्सुलिन कुठे तयार होते?’ असे विचारून पर्याय ‘स्वादुपिंडात, यकृतात, थायरॉईड ग्रंथीत, प्लीहेत’ असे दिले की खूण पुसली जाते. रिकाम्या जागेचे सगळे प्रश्न याच रीतीने पूर्ण प्रश्नवाक्यांत बदलले.

बरोबर पर्याय सर्वांत लांब असणे ही दुसरी खूण. लिहिणारा बरोबर वाक्य काटेकोर करत जातो आणि ते लांबते. उपाय एकच : चुकीच्या पर्यायांनाही तेवढेच तपशील द्यायचे.

नकारार्थी प्रश्न टाळायचे. ‘वरीलपैकी सर्व’ पूर्ण बंद. दोन पर्याय बरोबर आहेत एवढे कळले की तिसरा न वाचताच उत्तर मिळते. आकड्यांचे पर्याय चढत्या क्रमाने आणि एकाच एककात. प्रकाशाच्या वेगासाठी सेकंदाला ३ हजार, ३० हजार, ३ लाख, ३० लाख किलोमीटर असे दसपटीचे पर्याय पुरे. २,९९,७९२.४५८ हा आकडा माहीत असण्याची अपेक्षा नाही, परिमाणाचा अंदाज हवा. बरोबर उत्तरे चारही अक्षरांत साधारण दहा-दहा पडतील, असे पाहायचे आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. माणसाच्या हाताने ठरवलेल्या क्रमात (ब) आणि (क) जास्त येतात.

२३ जून : सूचना आणि गुणदान

चुकीच्या उत्तराला गुण कापायचे का, यावर निर्णय झाला. रूढ सूत्र असे : बरोबर उत्तरे वजा, चुकीची उत्तरे भागिले (पर्यायांची संख्या उणे एक). चार पर्याय असताना २८ बरोबर, ९ चूक, ३ कोरी असतील तर २८ − ९/३ = २५. सूत्र दिसायला न्याय्य आहे, पण अर्धवट ठाऊक असूनही घाबरून कोरे सोडणारा त्यात मागे पडतो. मग गुणांत ज्ञानाबरोबर धिटाईही मोजली जाते. म्हणून कपात नाही, आणि ‘माहीत नाही’ हा पर्यायही नाही. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत : ‘प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्या. खात्री नसली तरी जे सर्वांत योग्य वाटते ते निवडा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार नाहीत.’ ही सूचना तोंडीही वाचून दाखवायची, कारण छापील सूचना अनेकजण ओलांडून जातात.

२८ जून : प्रश्नविश्लेषणाची रीत

पूर्वचाचणीचे कागद गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावायचे. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढायचे. हे प्रमाण संख्याशास्त्रज्ञ केली यांनी १९३९ साली सुचवले आणि अजून वापरात आहे. २०० कागद असतील तर प्रत्येक गटात ५४. मग प्रत्येक प्रश्नासाठी कोणत्या गटातल्या कितींनी कोणता पर्याय निवडला, याचा तक्ता मांडायचा. शिकवण्यासाठी ऋतूंच्या प्रश्नावर कल्पित आकडे घेऊन :

वरचा गट : अ ५, ब ११, क ३८, ड ०.
खालचा गट : अ २२, ब १५, क १४, ड ३.

काठिण्य मूल्य, म्हणजे दोन्ही गटांत मिळून बरोबर उत्तरांचे प्रमाण (जितके मोठे तितका प्रश्न सोपा) = (३८ + १४) / १०८ = ०.४८. भेदनमूल्य, म्हणजे वरच्या आणि खालच्या गटातल्या बरोबर उत्तरांच्या प्रमाणांतला फरक = (३८ − १४) / ५४ = ०.४४. प्रश्न उत्तम : भेदनमूल्य ०.४० च्या वर असेल तर तसाच ठेवायचा, ०.२० ते ०.४० मध्ये असेल तर सुधारायचा, ०.२० च्या खाली गेले तर बदलायचा. (ब) वरच्या गटातही ११ जणांना ओढतो, म्हणजे अर्धवट समज तिथे अडकते. हे आपल्याला हवेच होते. (ड) ला १०८ पैकी ३, म्हणजे ५ टक्क्यांहून कमी. असा पर्याय काढून टाकावा. चौथा पर्याय ओढूनताणून भरण्यापेक्षा तीन जिवंत पर्याय बरे.

भेदनमूल्य उणे आले तर आधी उत्तरसूची पाहायची. बहुतेक वेळा तिथे अक्षर चुकलेले असते. सूची बरोबर असेल तर वरच्या गटाने कोणता पर्याय निवडला ते पाहायचे. ६ जूनच्या नोंदीतल्यासारखी सुटलेली अट तिथे सापडते : जाणकारांनी ती ओळखून वेगळे उत्तर दिलेले असते.

काठिण्य मूल्य ०.९० च्या वर गेलेले दोन-तीन प्रश्न मुद्दाम सुरुवातीला ठेवायचे. ते फारसे भेद करत नाहीत, पण चाचणी देणाऱ्याचा हात मोकळा होतो.

३ जुलै : विश्वसनीयता

चाचणीचे गुण कितपत भरवशाचे आहेत हे मोजणारे कुडर-रिचर्डसन सूत्र २० (१९३७) वापरायचे. प्रत्येक प्रश्नाचे बरोबर उत्तरांचे प्रमाण गुणिले चुकीचे प्रमाण, त्यांची बेरीज. ती एकूण गुणांच्या विचरणाने (प्रमाण विचलनाच्या वर्गाने) भागायची. एकातून वजा करायची. मग प्रश्नसंख्या भागिले प्रश्नसंख्या उणे एक, याने गुणायचे. उदाहरणार्थ बेरीज ७.९ आणि विचरण ३६ असेल तर ४०/३९ × (१ − ७.९/३६) = ०.८०.

या आकड्याचा व्यवहारातला अर्थ मापनाच्या प्रमाण त्रुटीतून (एकाच माणसाचे गुण योगायोगाने साधारण किती हलू शकतात त्या मापातून) कळतो : प्रमाण विचलन ६ गुणिले ०.२० चे वर्गमूळ, म्हणजे २.७ गुण. त्यामुळे २७ गुणांचा माणूस आणि २९ गुणांचा माणूस यांत फरक आहे असे या चाचणीवरून म्हणता येत नाही. अहवालात गुणांबरोबर हा अधिक-उणे २.७ गुणांचा पट्टा छापलाच पाहिजे. चाचणी निम्मी करून २० प्रश्नांची करावी अशी मागणी हमखास येते. त्याच दर्जाचे प्रश्न धरले तर विश्वसनीयता ०.८० वरून ०.६७ वर येते.

हा गुणांक वाढवण्यासाठी एकाच तथ्याचे दोन-तीन प्रश्न घालायचे नाहीत. आकडा चढतो, पण चाचणीचा आवाका आटतो.

८ जुलै : बरोबर उत्तर, चुकीचे कारण

काही जणांना प्रश्न सोडवताना मोठ्याने विचार करायला सांगायचे आणि ते जसेच्या तसे टिपायचे. आकडेवारीत न दिसणारी गोष्ट इथे दिसते. चंद्रकलांचा प्रश्न तसा आहे. ‘चंद्र पृथ्वी आणि सूर्याच्या मध्ये असताना कोणती तिथी असते?’ याला ‘अमावास्या’ हे बरोबर उत्तर देणारा माणूस पुढे सांगू शकतो की कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. ती ग्रहणाची गोष्ट झाली. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने दर पौर्णिमेला सावली पडत नाही.

अशा चार प्रश्नांना द्विस्तरीय रूप दिले : पहिल्या भागात तथ्य, दुसऱ्यात कारण, दोन्ही बरोबर असतील तरच एक गुण. प्रत्येक भागात चार पर्याय असल्याने अंदाजाने गुण मिळण्याची शक्यता १६ त १. वेळ मात्र दुप्पट लागतो, म्हणून या चारांना ९० सेकंद धरले आणि एकूण वेळ ३३ मिनिटे केला.

१२ जुलै : अंतिम प्रत

उत्तरसूचीत प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी : बरोबर अक्षर, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागची समजूत एका ओळीत, आणि तपासल्याची तारीख. छपाईनंतर एका त्रयस्थाने उत्तरसूची न पाहता पूर्ण चाचणी सोडवायची आणि त्याची उत्तरे सूचीशी ताडून पाहायची. पानांची मांडणी करताना पर्यायांची अक्षरे सरकलेली असतात, ती इथे पकडता येतात. वार्षिक तपासणीच्या यादीत सध्या दोन कार्डे आहेत : मूलद्रव्यांची संख्या आणि ग्रहांची संख्या. उपग्रहांचे कार्ड रद्द झाले असून त्याच्या जागी शुक्राच्या तापमानाचा प्रश्न घेतला आहे.